साहेब येतील

दिग्रसच्या कॉलेजच्या पोरी कबड्डीत का जिंकायच्या, हे गावात कोणालाही विचारा, उत्तर एकच मिळेल. "तांड्याच्या पोट्ट्या हायेत बाप्पा, ताकद रक्तातच असते!" खोटं आहे राजेहो, साफ खोटं. ताकद होती, नाही कोण म्हणतो? पण ती काय काल उगवली? तांडा जुना, कॉलेज जुनं, दोघांच्या मधला रस्ताही जुनाच. तरी कितीतरी वर्षं कॉलेजच्या कपाटात मुलींची एकही ढाल नव्हती. पोरी शिकायला यायच्या, तास संपला की काळीपिवळीत बसून तांड्यावर परत जायच्या, आणि मैदानावर गावातल्या शेळ्या चरायच्या.

ढाली आल्या त्या दोन माणसांमुळे. एक शीला बनसोड मॅडम आणि दुसरे प्राचार्य नानाजी गावंडे. त्यातले नानाजी सर उभ्या जन्मात कबड्डी खेळले नव्हते. पोट एवढं सुटलेलं की बुटाची नाडी बांधायची म्हटलं तर धाप लागायची. तरी मी म्हणेन, अर्ध्या ढाली त्यांच्याच.

शीला मूळची नेरची. तिचे वडील भीमराज बाजार समितीत कापसाच्या गाड्या खाली करायचे आणि घरी येऊन पोरीचे बूट पुसून ठेवायचे, एवढं त्यांना तिच्या खेळाचं कौतुक. अमरावतीहून शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन ती दिग्रसला नोकरीवर आली आणि इथलीच झाली. कागदोपत्री तिचं पद लांबलचक, पण सगळे पी.टी. मॅडमच म्हणायचे, त्यातही थोडं हसून. लग्न जमलं नाही. का जमलं नाही याच्या गावात दहा कहाण्या आहेत आणि दहाही खोट्या आहेत. जमलं नाही, बस. आईवडील गेले. भाऊ संघदीप नागपूरला असतो, दसऱ्याला दीक्षाभूमीवर गेली की त्याच्याकडे एक मुक्काम होतो. बाकी वर्षभर बसस्टँडमागची माडीवरची एक खोली. रविवारी कॉलेजला सुट्टी, आणि ती खोली तिला अक्षरशः खायला उठायची.

पहिल्यांदा तांड्यावर ती एकटीच गेली होती. कबड्डीसाठी पोरी द्या, बाहेरगावी सामन्यांना न्यायचंय, असं तिने हिरासिंग नायकाला सांगितलं. नायक म्हणजे तांड्याचा मुख्य. सगळ्या तांड्याच्या वतीने बोलणारा तो, आणि बोललेलं निस्तरणाराही तोच. त्याने सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाला, "तुमचं बोलनं बराबर हाये मॅडम. पन पोट्ट्या बाहेरगावी मुक्कामाले जातीन, मी घराघरात कोनाचं नाव सांगू? तुमच्या कालेजचा नायक कोन हाये? तेले घेऊन या."

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, मी प्राचार्य, मी का जाऊ तांड्यावर? नानाजी सर दुसऱ्याच दिवशी स्कूटर काढून निघाले. नायकाच्या अंगणात बाजेवर बसले, बाज करकरली, सगळे हसले, तेही हसले. मग म्हणाले, "पोरी तुमच्या हायेत. नेतो मी आन् आनून देतोही मीच." झालं. एवढंच भाषण.

आणि तो माणूस तसाच वागला, दरवर्षी सामन्यांआधी नायकाच्या अंगणात जाऊन यायचा. सामने पुसदला असोत की अकोल्याला, एसटीच्या पहिल्या बाकावर नानाजी सर. मुलींच्या मुक्कामाच्या इमारतीबाहेर खुर्ची टाकून, डोक्याला मफलर गुंडाळून बसायचे आणि बसल्या जागी घोरायचे. पोरी आत तोंड दाबून हसायच्या. खेळातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, आपली पोरगी बाद झाली तरी टाळ्या वाजवायचे. पण साहेब जिकडे बघतो तिकडे अख्खं कॉलेज बघतं. सर रोज सकाळी मैदानाला चक्कर मारतात म्हटल्यावर शिपाई आपोआप पाणी मारू लागला, कारकून खेळाच्या सामानाची खोली वेळेवर उघडू लागला, आणि सामन्यामुळे प्रॅक्टिकल बुडालं तर मास्तर लोक वेगळा दिवस देऊ लागले. कोणाला हुकूम सोडावा लागला नाही.

शीलासाठी तर त्या चकरेची किंमत आणखीच वेगळी होती. सर कुंपणाशी थांबून रोज एकच विचारायचे, "काय म्हनते टीम, शीलाबाई?" दिवसभरात तिला तिच्या मनातलं विचारणारं तेवढं एकच माणूस होतं. ते होतं तोवर आपण एकट्या आहोत हे तिच्या फारसं ध्यानातही आलं नाही.

मग सर रिटायर झाले आणि मुलाकडे पुण्याला गेले. त्यांच्या जागी डॉ. प्रफुल्ल उमप आले.

आता उमप सरांना शिव्या घालणं सोपं आहे, पण माणूस वाईट नव्हता. उलट त्यांनी जे दिलं ते नानाजींच्या काळात कोणी स्वप्नातही पाहिलं नव्हतं. मातीच्या मैदानाशेजारी हॉल बांधला, हॉलमध्ये परदेशी सामन्यांत असते तसली मॅट टाकली. पोरींना पाठीवर नाव छापलेल्या जर्सी दिल्या. खडखडत्या एसटीऐवजी ट्रॅव्हल्सची गाडी ठरवून दिली. सगळं दिलं. स्वतः मात्र हॉलच्या उद्घाटनानंतर तिकडे फिरकले नाहीत. केबिनमध्ये टीव्हीएवढा पडदा लावला होता, त्यावर कॅमेऱ्यातून मैदान दिसायचं. दिसतंय ना, मग जायचं कशाला?

त्या वर्षी सामने वणीला होते, तीन दिवसांचे. शीला केबिनमध्ये गेली. "सर, एकदा तांड्यावर यावं लागेल. नायकांना भेटायला. दरवर्षीची रीत आहे."

उमप सर हसले, मोकळं हसले. "मॅडम, रीत वगैरे ठीक आहे, पण आता पालकांचं संमतीपत्र घेतो ना आपण? आणि तुम्ही आहात की! माझा तुमच्यावर शंभर टक्के विश्वास आहे."

शंभर टक्के विश्वास! ऐकायला किती गोड. खरं म्हणजे हे उंटावरून शेळ्या हाकणं झालं. पण शीलाला तसं तोंडावर म्हणता येतं थोडंच? ती म्हणाली, "मग सर, निदान वणीला तरी या. एक मुक्काम करा. पोरींच्या घरच्यांना तेवढंच हवं असतं."

"बघतो. जमवतो मी. तुम्ही पुढे व्हा."

संध्याकाळी तिने पुण्याला फोन लावला. नानाजी सरांचा आवाज बसला होता, पण प्रश्न तोच, टीम काय म्हणते? तिने सगळं सांगितलं आणि भीतभीत म्हणाली, "सर, तुमीच येता का दोन दिवसांसाठी? नायक तुमाले मानते."

सर म्हणाले, "मी येऊन काय करू व बाई? मी आता कालेजचा कोन? उद्या पोट्ट्याईले काही झालं तं मी कोन्या अधिकारानं उभा राहू? ज्याची खुर्ची तेनंच याले पायजे. नव्या साहेबाले ने." त्यांचंही खरं होतं. तिने फोन ठेवला आणि खोलीत दिवा न लावता तशीच बसून राहिली.

दोन दिवसांनी ती एकटीच तांड्यावर गेली. नायकाची बायको सुखीबाई अंगणात ज्वारी पाखडत होती. "आवो मॅडम, बेसो," म्हणून तिने बाज पुढे सरकवली. नायकाची पुतणी बबिता टीमची कॅप्टन. ती दाराआडून ऐकत उभी राहिली. हिरासिंगाने रस्त्याकडे नजर टाकली, आणखी कोणी उतरतंय का पाहिलं, आणि विचारलं, "सायेब कुठी हायेत?"

"त्याईले मीटिंग होती. डायरेक्ट वणीले येनार हायेत."

"मुक्कामाले?"

इथे, राजेहो, इथे तिला खरं सांगता आलं असतं. सर बघतो म्हणाले, नक्की नाही, एवढंच. नायकाने चार घरी विचारलं असतं, कदाचित स्वतः सोबत आला असता, कदाचित नाही म्हणाला असता. पण शीलाने दाराआडची बबिता पाहिली. वर्षभर पहाटे उठून घाम गाळलेल्या त्या पोरी तिच्या डोळ्यांपुढे आल्या. आणि खरं सांगायचं तर तिला आपली माडीवरची खोलीही दिसली. टीम गेली नाही तर त्या खोलीत बसून करायचं काय? बाई घाबरली.

"सायेब येतीन," ती म्हणाली. "मुक्कामाले राहतीन. मी सांगून राह्यली ना."

"मंग झालं," हिरासिंग म्हणाला आणि त्याच संध्याकाळी घरोघरी जाऊन सांगून आला.

वणीला पोरींनी कहर केला. कोळशाच्या धुळीने आभाळ करडं झालेलं, मैदानाला लागून ट्रकांची रांग, आणि ते ड्रायव्हर लोक टपांवर चढून आमच्या पोरींच्या नावाने शिट्ट्या नाही, चक्क टाळ्या वाजवत होते. बबिता चढाईला गेली की समोरचं कोंडाळं आपसूक मागे सरकायचं. पहिल्या दिवशी दोन सामने मारले, दुसऱ्या दिवशी उपांत्य सामना मारला. अशी टीम नानाजींच्या काळातही झाली नव्हती. शीला रेषेजवळ उभी राहून ओरडत होती, आणि मधूनच कोपऱ्यातल्या पाहुण्यांच्या खुर्च्यांकडे बघत होती. तिथे बाकीच्या कॉलेजांचे कोणी ना कोणी बसलेले होते. दिग्रसची खुर्ची रिकामी.

पहिल्या दिवशी संध्याकाळी नायकाचा फोन आला. "सायेबाले द्या जरा."

"ते... आंघोळीले गेले."

एक खोटं झाकायला दुसरं, दुसरं झाकायला तिसरं. तिने लगेच उमप सरांना फोन लावला. सर संस्थेच्या अध्यक्षांसोबत होते. "मॅडम, उद्याही शक्य दिसत नाही. पण फायनल झाली की फोटो पाठवा हं! ग्रेट जॉब." तिने काकुळतीला येऊन सांगितलं, सर, मी शब्द दिलाय. पलीकडे कोणीतरी चहा आणला असावा, कपांचा आवाज झाला. "आपण आल्यावर बोलू," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नायकाचे दोन फोन तिने उचललेच नाहीत. तीच चूक नडली.

तिसऱ्या दिवशी फायनल. पोरी जर्सी घालून, पायांना माती लावून तयार बसल्या होत्या, आणि फाटकातून जीप आत आली. हिरासिंग नायक उतरला, मागून तीन-चार बाप उतरले. कोणी आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं. हिरासिंगाने मैदानावर सगळीकडे नजर फिरवली, खुर्च्या पाहिल्या, मग शीलाकडे पाहिलं.

"सायेब कुठी हायेत, मॅडम?"

तिची नजर दिग्रसच्या रिकाम्या खुर्चीकडे गेली.

"आलेच नाई का?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"चला व पोट्ट्याहो," हिरासिंग म्हणाला. "सामान घ्या."

शीला त्याच्यापुढे हात जोडून उभी राहिली. एक सामना, फक्त एक सामना खेळू द्या, अर्ध्या तासाचा खेळ आहे. तो म्हणाला, "मी घराघरात सांगितलं मॅडम, सायेब संगं हाये. तीन दिवस हे लोक मले इचारून राह्यले, आन् मी सांगून राह्यलो, हाये हाये. आता अर्ध्या तासासाठी मी याईले काय सांगू?" त्याच्या मागच्या बापांपैकी एकाने आपल्या पोरीच्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली.

पोरी रडत जीपमध्ये दाटीवाटीने बसल्या. बबिता शेवटी बसली. बसण्याआधी ती शीलाजवळ आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "मॅडम, तुमी आमाले काहून नाई सांगितलं? सायेब येत नाई म्हनून आमीच घरी बोल्लो असतो. माह्या काकाले मी पटवलं असतं."

जीप गेली. पंचांनी दोनदा शिट्टी वाजवली, दिग्रसचं नाव पुकारलं आणि समोरच्या टीमला विजयी केलं. ट्रॅव्हल्सच्या त्या ऐसपैस गाडीतून शीला वणीहून दिग्रसला एकटी आली. ड्रायव्हरने करमणुकीला गाणी लावली होती, ती बंद करा म्हणायचंही तिला सुचलं नाही.

सोमवारी कॉलेजच्या फाटकावर बॅनर झळकला. विद्यापीठ स्तरावर उपविजेतेपद, हार्दिक अभिनंदन. मध्ये उमप सरांचा मोठा फोटो, खाली पोरींचे टिकलीएवढे चेहरे. सरांनी तिला केबिनमध्ये बोलावून पेढा दिला. ते म्हणाले, "फायनलचं कळलं मॅडम. वाईट झालं. पण एवढं सीरियस आहे हे मला नीट सांगायचं ना! मी काहीतरी केलं असतं." आणि लगेच, "बरं, तांड्याच्या मुली येत नसतील तर हॉलमध्ये बॅडमिंटन सुरू करू. गावातल्या मुली येतील."

तिने पेढा पर्समध्ये टाकला. संताप आला होता, पण सांगायचा कोणाला? स्टाफरूममध्ये सगळे बॅनरबद्दलच बोलत होते. पुण्याला फोन लावावा असं वाटलं, पण नानाजी सर विचारतील टीम काय म्हणते, म्हणून लावला नाही. सकाळी ती सवयीने मैदानावर जायची, फक्की मारून रेषा आखायची आणि उभी राहायची. तांड्याची एकही पोरगी आली नाही. त्या कॉलेजला यायच्या, तासाला बसायच्या, मैदानाच्या बाजूने मान खाली घालून निघून जायच्या.

शेवटी एका संध्याकाळी ती तांड्यावर जायला निघाली. इतक्या वर्षांत तिला तिथली एक रीत पक्की ठाऊक झाली होती. ज्याचा शब्द खाली पडला त्याने पंचांपुढे उभं राहायचं, चूक कबूल करायची, ते सांगतील तो दंड भरायचा. मग सगळे मिळून एका जागी बसून चहा पितात, आणि त्या विषयावर पुन्हा कोणी अवाक्षर काढत नाही. भांडण तिथेच मिटतं, माणूस परत आपला होतो. तिला तेच हवं होतं. दंड काय लावायचा तो लावा, सगळ्यांसमोर बोल लावा, पण एकदाचं मोकळं करा. वाटेत ती काय बोलायचं ते मनात घोकत होती. खूप दिवसांनी तिला थोडं हलकं वाटत होतं.

हिरासिंग अंगणातच होता. शेजारी दोन म्हातारे पंच बसले होते. शीला बाजेवर बसली नाही. उभ्यानेच म्हणाली, "नायकसायेब, मी खोटं बोल्ली. सायेब येतो म्हनलेच नव्हते. मले दंड लावा."

हिरासिंगाने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. "दंड झाला, मॅडम," तो म्हणाला.

"झाला? कोनाले?"

"मले. घराघरात शब्द माहा गेलता ना. खाली पडला तं माहाच पडला. मी उभा राह्यलो, दंड भरला. चाय झाला, इषय संपला."

"तुमी कायले भरला? चूक माही होती. मले लावा ना. मी तुमच्या सगळ्याईच्या समोर उभी राहतो."

म्हाताऱ्यांपैकी एकाने काहीतरी गोरबोलीत, त्यांच्या बंजारा भाषेत, म्हटलं. हिरासिंगाने मान हलवली आणि तिला समजावून सांगावं तसं सांगितलं, "तुमाले कसा लावू, मॅडम? दंड तांड्याच्या मानसाले लागते. नाई तं ज्याच्या मांगं कोनी हाये, तेले. तुमचे सायेब आले असते आन् चुकले असते, तं मी त्याईले उभं केलं असतं. तुमच्या मांगं कोन होतं? मलेच समजाले पायजे होतं. तुमी एकल्या आलत्या, तवाच समजाले पायजे होतं."

"मंग पोट्ट्या?"

"कालेजात येतीन. शिकतीन. मैदानाचं... तुमच्या नायकाले घेऊन या, मंग बोलू."

ती बाजेवर बसली. पंच उठून गेले. हिरासिंगही बैलांना पाणी दाखवायला गेला. सुखीबाईने आतून चहा आणला, एकच कप, बशीत ठेवून, पाहुण्याला देतात तसा. शीलाने तो हातात घेतला आणि तिला रडू कोसळलं.

सुखीबाई घाबरून जवळ बसली. "काहून रडून राह्यल्या मॅडम? कोनी काही बोल्लं का तुमाले?"

"नाई," शीला म्हणाली. "कोनीच काही नाई बोल्लं."